मागे कोणी नसताना चढलेला घाट

चूक आबांचीच. ते माझे वडील, तरी झाकणार नाही. मी डिप्लोमा अर्धवट सोडला तेव्हा त्यांनी अख्ख्या लोणावळ्याला सांगितलं, आता माझी पाळी! वेगळं इंजिन नसलेली नवी रेल्वेगाडी आल्यापासून स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर रोज एक किस्सा सांगितला तरी दोन नवे येऊन बसतात.

आबांनी जन्मभर बँकर चालवला. कर्जतला गाडीच्या मागे लागून तिला घाटातून वर ढकलणारं इंजिन. नव्या गाडीला तो लागतच नाही.

"मागनं रेटल्याबिगार घाट चढंल व्हय?"

"आबा, डब्यांखालीच मोटरी आहेत."

"मग डायवर काय नुसता हारन वाजवतो?"

त्यात गाडी चालवणाऱ्या जोडीत माझी ताई! पोरीनं इंजिनावर जायचं नाही, म्हणून आबांनी तिच्याशी बोलणंच टाकलेलं. परक्यांच्या गाड्या आयुष्यभर रेटल्या, स्वतःच्या पोरीच्या वेळी ब्रेक!

पहिल्या दिवशी चिक्कीवाले शांतारामभाऊ नारळ घेऊन गाडीच्या गुळगुळीत नाकासमोर उभे. स्टाफ ओरडला, "काका, फोडू नका, पोचा पडेल!"

भाऊ खवळले. "आमच्या टायमाचं इंजिन नारळाला भीत न्हवतं!"

आंदर मावळातली मावशी जावयाला पोचवायला आली. आमच्यात पाहुण्याला जागेवर बसवून, पिशव्या वर ठेवूनच उतरतात. दार आपोआप बंद!

कामशेत मागे पडल्यावर लेकीला फोन, "अगं, पुण्याला चालले मी. बाटलीतलं पानीबी हालंना! तू गायीची धार काढ."

मग ताईची पहिली फेरी. आईनं आबांना सुनावलं, "पोरीला हार घाला, न्हाईतर हितनं पुढं चहाबी टपरीवरच प्या!"

आबांनी गुपचूप झेंडूचा हार आणला. कपडे इस्त्रीचे.

गाडी घाट चढून एका दमात आली. मागे कोणी नाही! छाती फुगली माझी. ताईनं पुढच्या केबिनमधून डोकं बाहेर काढलं आणि पहिला प्रश्न, "आबा आले नाहीत?"

आबा आले होते. पण पार प्लॅटफॉर्मच्या कर्जतकडच्या टोकाला, गाडीच्या शेपटीशी, जिथं नोकरीभर बँकर सोडवला तिथं. या गाडीची दोन्ही तोंडं सारखी. काच, केबिन, खिडकीतून डोकावणारा युनिफॉर्म. आबांनी डोळे पुसत हार घातला.

"काका, मी गार्ड! ड्रायव्हर पुढे!"

आबा पळाले. निम्म्या प्लॅटफॉर्मवर असताना हॉर्न वाजला.

हार गार्डच्या गळ्यात पुण्याला गेला. आबांना लेक दिसलीसुद्धा नाही.