उलटा हात

पौडला दवाखाना काढला तेव्हा मी एक जुनी मोटार घेतली. पावसाळा तोंडावर आला होता आणि तिची दारं खालून गंजली होती. एसटी स्टँडमागे आंब्याखाली एक म्हातारा असली कामं करायचा. दोन दिवसांत रंग मारून द्या, असं बजावून मी गाडी त्याच्याकडे सोडली.

चौथ्या दिवशीही तो गंज खरवडतच होता. आधी लोखंडी पत्ती, मग रॉकेलचा बोळा, मग काचकागद. शेवटी डोळे मिटून पत्र्यावर उलटा हात फिरवायचा आणि मान हलवून पुन्हा पत्ती उचलायचा.

"उलटा हात कशाला?" मी विचारलं.

"तळहाताला घट्टे पडल्यात. त्येला समदंच गुळगुळीत लागतंय."

माझा पारा चढला. गाडीवाचून ताम्हिणीकडचे रोगी खोळंबले होते. "अहो, दाराची खालची कड कोण बघतंय? मारा रंग!"

"पाऊस बगतो की," म्हणाला आणि पुन्हा दाराखाली आडवा झाला. आठ दिवस घेतलेच त्याने.

गाडी चार महिने ताम्हिणीच्या पावसात भिजली. दारांच्या रंगाला एकही फोड आला नाही.

दिवाळीच्या सुमारास एका शेतकऱ्याच्या पायाची जखम वरून छान वाळली होती. "बरं झालंय, डाक्तर. भात कापायचा हाय, पट्टी बांधा न् सोडा मला." मलाही घाईच होती. पट्टी हातात घेतली, आणि डोळे मिटून जखमेभोवती उलटा हात फिरवला. एका जागी कातडी गरम लागली.

मी पट्टी खाली ठेवली आणि चाकू उकळायला टाकला.