कोपरीच्या मिठाच्या बंगल्यातली चुन्याची भिंत

मिठावरचा कर वसूल करणाऱ्या गोऱ्या साहेबाचा एक बंगला कोपरीत आहे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आता तिथे संग्रहालय आहे. डागडुजी चालली होती तेव्हा आतल्या खोलीचा चुन्याचा गिलावा आमच्या ह्यांनी केला. "सगळं पुरं झालं की नेतो तुला," म्हणाले, आणि त्याआधीच गेले. नंतर माझे पाय काही तिकडे वळले नाहीत. परवा कळलं, त्या भिंतींवर सिमेंट चढवतायत. मग नणंदेला, सुनंदाला, घेऊन निघालेच.

आम्ही घराजवळच्या कोपर स्टेशनहून दुपारच्या लोकलनं निघालो, बसायला जागा मिळते. ठाण्याला पूर्वेला उतरा, शेअर रिक्षा आहे. बंगल्यात खायला काही नाही, स्टेशनबाहेरच भजी खाऊन घ्या.

खाडीकडे तोंड केलेला रुंद व्हरांडा, हातभर जाड भिंती, छताला पंखा ओढायच्या दोरीच्या कड्या. साहेब गेले, मग इथे मिठाची पोती राहिली, मग सरकारी कपाटं, मग वटवाघळं. मीठ तोलायचा काटा अजून आहे. माझी शाळा सातवीपर्यंतच, पण तिथली माहितीची पाटी एकही वाचायची सोडली नाही.

आतल्या खोलीत गवंडी काम करत होता. तीन भिंती करड्या झालेल्या. दाराकडची तेवढी पांढरी, गुळगुळीत.

"अगं बाई, वहिनी! दादानं घरची मोरी कधी धड केली नाही, आणि इथे बघ, आरसा!"

दोघी हसलो. मग हसू टिकेना.

देखरेखीच्या बाईंना म्हटलं, "ही एक राहू द्या ना."

"मावशी, मिठानं फुगतेय. साहेबाच्या वेळची असती तर काच लावून जपली असती. ही आत्ताची, जुनी नाही ना."

"जुनी व्हायला तिला राहू तर द्या."

बाई फोन करून आल्या. मान हलवली. वरून नाहीच म्हणाले होते.

गवंडी थापी पुसत म्हणाला, "मॅडम, दारामागं कोण बघतंय? तेवढी सोडतो."

"मी चहाला चाललेय," बाई म्हणाल्या, आणि खरंच गेल्या.

घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, वाचली का भिंत? नाही वाचली. दारामागं दोन वीत वाचली. ह्यांचा चष्मा, शर्ट मी कपाटात जपते, ते माझ्यापुरतं. हे तिथे आहे, येणाऱ्याजाणाऱ्यांत, याचं बरं वाटतं. तुम्ही गेलात तर आतल्या खोलीचं दार ओढून घ्या. तिथे पाटी नाही. भर उन्हाळ्यातही हाताला गार लागतं.