खिडकीतून दिसणारं घर

इंग्लंडमधल्या एका जुन्या जमीनदाराची हवेली बघायला आईला घेऊन गेले होते. वरच्या मजल्यावर मालकिणीची खोली आहे. तिच्या खिडकीतून हिरवळीपलीकडे, झाडांच्या कडेला एक छोटं दगडी घर दिसतं. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, "ते विधवेचं घर. लग्नाच्या करारातच ठरायचं. नवरा गेला की हवेली मोठ्या मुलाची, आणि हिनं तिकडे राहायचं."

मी आईला मराठीत सांगितलं. ती पुटपुटली, "लग्नाच्या बोलणीत असलं अभद्र कशाला काढायचं?"

मी खिडकीशीच रेंगाळले. माहेरची जमीन भावाला, सासरची मुलाला. नवी नवरी रोज सकाळी पडदा सारत असेल आणि समोर तिचं वैधव्य धुराड्यासकट उभं दिसत असेल. बाळाला पाजतानासुद्धा तिला ठाऊक असेल, की यालाच एक दिवस ही खोली द्यायची आहे. मला तिची फार दया आली.

आई मात्र तिथून हलेना. बाबा गेल्यापासून ती माझ्या दोघा भावांकडे आळीपाळीनं राहते. बॅग कधी पूर्ण रिकामी करत नाही. तिच्या लग्नाच्या यादीत भांडी होती, मानाच्या साड्या होत्या. पुढचं कुणी बोललंच नव्हतं, अभद्र म्हणून.

काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. ती पदरानं पुसत तिनं हळूच विचारलं, "त्या घराची किल्ली तिच्याकडेच असायची ना गं?"