क्लॅरिनेटचं सेटिंग

निवृत्तीनंतर माणसाला एकतर शेती सुचते, नाहीतर समाजसेवा. शेतीतलं मला काही कळत नसल्यामुळे मी येरमाळ्याच्या आमच्या भजनी मंडळाची सेवा करायचं ठरवलं. मंडळानं तशी काही मागणी केलेली नव्हती. मुलानं दिलेल्या टॅबमध्ये मी संगीताच्या सरावाचं एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात चाल एकदा भरली की प्रत्येक वाद्याला त्याच्या सोयीनं सारेगम लिहून दिसतं. जन्मभर ऐकून ऐकून वाजवणाऱ्या माणसांना याची किती गरज आहे, हे माझ्याशिवाय कुणालाच कळलं नव्हतं.

मग देवळाच्या ओवरीत बसून मी एकेकाचं सेटिंग केलं. माझ्या पेटीला बोटांचे आकडे लावले. पखवाज त्या यादीत नव्हताच, म्हणून 'ड्रम' निवडलं, तर पडद्यावर नुसत्या फुल्या आल्या. पखवाजवाल्या मामांनी चष्मा पुसून त्या निरखल्या. "ह्ये काय, फुली-गोळ्याचा खेळ हाय का?" म्हणाले, टॅब पालथा घातला आणि रोज वाजवायचे तेच वाजवलं. अडाण्यांना क्षमा करावी, म्हणून मी त्यांना क्षमा केली.

राहिला काकांचा क्लॅरिनेट. काका म्हणजे माझे सख्खे चुलते. तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये होते, तिथल्या मास्तरांनी त्यांना सारेगम वाचायला शिकवलं होतं. त्यामुळे माझी सगळी भिस्त त्यांच्यावर. आता क्लॅरिनेटची तऱ्हा अशी, की त्याचा 'सा' पेटीच्या 'सा'पेक्षा एक स्वर खाली बोलतो. म्हणून पेटीवाला सा म्हणाला की क्लॅरिनेटवाला रे वाजवतो, तेव्हा कुठं दोघं जुळतात. हे काकांना पाठ होतं आणि सॉफ्टवेअरलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सेटिंग करणाऱ्याला. क्लॅरिनेट निवडताच सगळे स्वर एकेक घर वर सरकले, पण मी अक्षरांचा रंग निवडण्यात गुंग होतो. काकांसाठी निळा घेतला.

सराव सुरू झाला आणि पहिल्याच ओळीला पेटी एकीकडं, क्लॅरिनेट दुसरीकडं. काका थांबले.

"जुळंना रं. लई वर जातंय."

"काका, पडद्यावर हाय तेच वाजवा तुम्ही. मशीन चुकत न्हाय."

थोड्या वेळानं ते पुन्हा तेच म्हणाले. मी भाता जोरात मारला.

तिसऱ्या दिवशी सगळ्या मंडळासमोर, त्यांच्यादेखत, मी जाहीर केलं, "काकांचे कान गेले. वयच झालं आता. यात्रेत हसं नको." चैत्री यात्रेत आमच्या मंडळाला तासभर मिळतो आणि वर्षभर आम्ही त्या तासावर जगतो. काकांनी क्लॅरिनेट पुसला, फडक्यात गुंडाळला आणि कोपऱ्यातले टाळ उचलले. कटू निर्णय घ्यायला खंबीर माणूस लागतो, असं मला घरी जाताना वाटत होतं.

यात्रा आठवड्यावर आली, तेव्हा पेटीची अक्षरं मोठी करावीत म्हणून मी क्लॅरिनेटची ओळ काढायला गेलो. तिच्याखाली एका चौकटीत बरोबरची खूण होती: या वाद्यासाठी स्वर बदलून दाखवा. खूण काढली, तर रे होता तिथं सा आला. सॉफ्टवेअरनं 'सा'चा 'रे' करून दिला होता आणि काकांनी सवयीनं त्या 'रे'चा 'ग' केला होता. दोघांनी आपापलं काम चोख बजावलं होतं. मध्ये मी दीडशहाणा बसलो होतो. मला मनापासून लाज वाटली.

काका गोठ्यात कडबा टाकत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पेंढी आधी नीट सोडली.

"मला कशाला सांगतूस? बेसूर हुतंय त्ये मला ऐकू येतच हुतं. दोनदा म्हणलो तुला. मंडळात बोललास न्हवं? मग मंडळात सांग."

संध्याकाळी काका क्लॅरिनेट घेऊन आले. फडकं सोडलं नव्हतं, मांडीवर तसंच ठेवलं होतं. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "त्या सेटिंगमध्ये जरा गडबड झाली होती. काकांचं तसं काही नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा म्हणाले, "म्या तर पहिल्याच दिवशी पालथं घातलं हुतं." सगळे हसले, मीही हसलो. काकांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, फडक्यातला क्लॅरिनेट मागं भिंतीशी सरकवला आणि टाळ हातात घेतले.

यात्रेतही टाळच वाजवले त्यांनी, एक ठोका न चुकता. मी 'गडबड झाली' म्हणालो होतो, 'माझी चूक झाली' म्हणालो नव्हतो. मंडळात कुणाला तो फरक कळला नाही. काकांना ऐकू आला.