आईचा मुक्काम

महिन्याभरात कादंबरी लिहायची, रोजचे ठरलेले शब्द झालेच पाहिजेत, अशी शर्यत मोबाईलवरच्या एका ग्रुपात निघाली आणि मी इथे पांढुर्ण्यात बसून नाव देऊन टाकलं. नवरा हसला, "काहून वं, शाळेचे पेपर तपासून होत नाहीत, अन् कादंबरी लिहून राहिली!" मग तर मी पेटलेच. ते दिवस आठवले की अजून जीव हरखतो.

विषय शोधायला वेळ कुठला? आईच घेतली. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा मोहगावात एकटे. संध्याकाळी ते संत्र्याच्या बगिच्यातून परतले की मी फोनवर त्यांना त्या दिवसाची पानं वाचून दाखवायची.

पहिला आठवडा बहारीचा गेला. एरवी एक ओळ दहादा खोडणारी मी, धडाधड लिहीत सुटले. मग विषय आटला, पण शब्द तर भरायचेच. घातलं वरणात पाणी! आई वांगी निवडते, बांगडीवाल्याशी भांडते, दूध उतू गेलं की मांजरीला शिव्या देते. दोन-दोन पानं नुसती वांगी! माझी मलाच लाज वाटायची. घाईत असंच होतं, कळतं पण थांबता येत नाही.

बाबांना मात्र तेच हवं. "वांग्याचं पुन्हा वाच ना, बाई." बांगडीवाल्यापाशी तर इतके हसले की ठसका लागला. "अश्शीच होती वं ते!" आई गेल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलंच नव्हतं. फोन ठेवून मी खूप रडले.

शेवटचा दिवस आला. कालच्या पानावर आई सौसरच्या बाजारात होती. आता दवाखाना आणि मरण, एवढंच राहिलं होतं. सगळं डोळ्यांसमोर होतं, बसल्या बैठकीला लिहून झालं असतं. ग्रुपात एकेक जण कादंबरी पुरी करून जिंकल्याचं कळवत होता. मी फोन लावला. "आज शेवट लिहून राहिली, बाबा."

बाबा म्हणाले, "तिले बाजारातून घरी तं येऊ दे."

माझ्याने लिहवलं नाही. शर्यत हरले. नवऱ्याने चिडवलं, तेही ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांनीच फोन केला.

"आज काय करून राहिली तुही माय?"

"स्वयंपाक करून राहिली, बाबा," मी म्हटलं, आणि लिहायला बसले.