मुठीतलं लोहचुंबक

शैलाकाकू भांड्यांच्या दुकानात शिरल्या की दुकानदाराचा चेहरा उतरायचा. कमरेच्या बटव्यातलं लोहचुंबक काढून त्या स्टीलच्या प्रत्येक डब्याला लावून बघत. चिकटलं, की डबा परत. "ह्या खाऱ्या हवेत म्हयनाभरात गंजेल हा. मला नको शिकवू!" रत्नागिरीत आमच्या शेजारी त्या एकट्याच राहत. कल्ले उचकटून बघितल्याशिवाय त्यांनी कधी बांगडा घेतला नाही, आणि मी दिलेलं विरजणही वास घेतल्याशिवाय घरात नेलं नाही. राग यायचा मला. पण मी तापाने पडले की पेजेचं पातेलं घेऊन पहिल्या त्याच हजर.

गेल्या वर्षी त्यांनी दाढेच्या जागी स्क्रूचा दात बसवून घेतला. "टायटॅनियमचा आहे," डॉक्टर म्हणाले. काकूंनी त्यांच्यासमोरच चुंबक तोंडात धरलं. "चिकटत नाय. तरी काय सांगता येत नाय हो," म्हणत उठल्या.

मग त्यांच्या उजव्या हातातून वस्तू निसटू लागल्या. आधी कप, मग किल्ली, शेवटी चुंबकही. मेंदूत गाठ असावी, अशी डॉक्टरांना शंका आली. एमआरआय ताबडतोब करा म्हणाले. काकू हटून बसल्या. "माझं चुंबक एवढंसं, त्यांचं खोलीएवढं. ह्याला नाय गावलं ते त्याला गावेल. दात उपटून टाळूतून गेला तर तू भरून देणारेस गो?"

हात दिवसेंदिवस लुळा पडत चालला होता. हातापाया पडून मी त्यांना सेंटरवर नेलं. तिथल्या टेक्निशियनने दाताच्या डॉक्टरांना फोन करून खात्री केली. "काकू, हा दात ओढला जात नाही. फार तर त्याच्या आजूबाजूचं चित्र जरा अस्पष्ट येईल."

काकूंनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "तुझ्या आईला घातलंस कधी आत?"

शेवटी बांगड्या, कुड्या, पिना सगळं उतरलं. दारापाशी त्याने विचारलं, "मुठीत काय आहे?" आत जाण्यापूर्वी दात एकदा तपासायला काकूंनी लोहचुंबक लपवून आणलं होतं. तो पांढराफटक पडला. "अहो, हे हातातून सुटून तुमच्यावरच आदळलं असतं!"

"बघ! मी म्हणत होते ना, ओढतं म्हणून!" काकूंनी चुंबक माझ्या हातात ठेवलं. "हेच परत हवंय मला. नायतर दुसरंच आणून देशील."

जिभेने दात चाचपतच त्या बाहेर आल्या. दात जागच्या जागी होता. रिपोर्टमध्ये मात्र गाठ निघाली, आणि ती वाईट होती.

"काकू, रिपोर्ट चुकतातही. मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू," मी म्हटलं.

"नको गो. मला पटलंय."

मला नव्हतं पटलं. कुणाच्याच शब्दावर विश्वास न ठेवणारी ही बाई नेमका याच कागदावर कसा ठेवते, म्हणून मी त्यांच्याशी भांडले, रडले.

दिवाळीआधी त्या गेल्या. लोहचुंबक त्यांनी परत मागितलंच नाही.