अजून निळं हाय

आधी उजवा तळहात वर जायचा, चौकातल्या पोलिसासारखा. मग शब्द यायचे, "थांबा. अजून निळं हाय."

इस्लामपूरच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे हे सर माझ्या शेजारच्या खोलीत. उसाच्या चिपाडांपासून निघणाऱ्या वायूचं अल्कोहोल करायचं, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी लागणारा उत्प्रेरक ते स्वतः बनवत. तांब्याच्या आणि जस्ताच्या द्रावणात सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडलं की तळाशी निळा साका बसे. तो तसाच मुरू दिला की सावकाश हिरवा होई. मगच गाळायचा, वाळवायचा, भाजायचा. "सामान तेच. पर मुरलं न्हाई तर नुसती माती," असं ते शिपायालाही समजावत.

तुम्हाला वाटेल, हे प्रयोगशाळेपुरतंच. छे! चहाचा कप ते इतका वेळ धरून बसत की कॅन्टीनवाला म्हणे, "आवं सर, च्या निळा न्हाई. प्या की आता." लेकीच्या लग्नात भटजींनी मुहूर्ताआधीच शेवटचं 'सावधान' उचललं, तेव्हा हाच तळहात वर गेला आणि अख्खा मांडव चिडीचूप!

एकदा त्यांना जमलंही होतं. बाटलीच्या तळाशी चमचाभर अल्कोहोल. आम्ही रांग लावून वास घेतला होता.

मग प्राचार्यांनी निरोप धाडला. शुक्रवारी साखर कारखान्याची माणसं येतील, त्यांना अल्कोहोल दाखवा. नाहीतर प्रयोगशाळेची खोली उत्तरपत्रिका ठेवायला घेऊ.

गुरुवारी सकाळी मी डोकावलो. सर गाळत होते. अर्धा साका गाळणीत, अर्धा काचेच्या भांड्यात.

"सर, निळं आहे अजून."

"व्हय," ते म्हणाले. "पर माणसं उद्या येत्यात." हात वर गेला नाही.

शुक्रवारी वायू नळीतल्या उत्प्रेरकावरून गेला, बर्फातल्या बाटलीत थेंब जमले. पाहुण्यांपैकी एकाने वास घेतला आणि सभ्यपणे म्हणाला, "पाणी दिसतंय." सरांनी बाटली हुंगलीसुद्धा नाही.

सोमवारी ते आले नाहीत. साताऱ्याला लेकीकडे गेले आणि महिनाभरात तिथेच वारले.

खोली रिकामी करताना गुरुवारचं ते काचेचं भांडं सापडलं, वर बशी झाकलेली. मी बशी उचलली. साका हिरवागार झाला होता.

शिपाई म्हणाला, "ओतू का बेसिनात?"

माझा तळहात आपोआप वर गेला. तो थांबला. दारात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडले होते.

मी हात खाली घेतला.